दाखला, मैदान आणि शिमगा : मुलांच्या हक्कांविषयी वाचकांचे प्रश्न

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की या सदराकडे पत्रांची रीघ लागते. या वेळी निवडलेली सात पत्रं दापोलीपासून कुडाळपर्यंतची आहेत. विषय वेगवेगळे, पण जवळपास प्रत्येक पत्रात एक गोष्ट तीच : शाळेने किंवा कार्यालयाने नकार तोंडी दिलाय, कागदावर कुठेच नाही. म्हणून उत्तरांत कायद्याइतकीच अर्जाचीही भाषा दिली आहे.

प्रश्न : आम्ही मुंबई सोडून कायमचे गावी आलो. मुलगी सहावीत. तिकडच्या खासगी शाळेची फी थकली आहे म्हणून ते दाखला देत नाहीत. गावातली जिल्हा परिषदेची शाळा म्हणते, दाखला आल्याशिवाय नाव घालता येत नाही. पोर घरात बसून आहे. काय करावं? (एक आई, संगमेश्वर तालुका)

उत्तर : ताई, मुलीला उद्याच शाळेत पाठवा आणि सोबत अर्ज घेऊन तुम्हीही जा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम ५ तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर मुलाला सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा आहे. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही.

अर्ज दोन प्रतींत करा. मजकूर एवढाच पुरे : ‘माझी मुलगी … हिला इयत्ता सहावीत प्रवेश मिळावा. पूर्वीच्या शाळेकडून दाखला मिळण्यास विलंब होत आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ५(३) नुसार दाखल्याचा विलंब हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रवेश नाकारायचा असल्यास कारण लेखी द्यावे.’ शेवटचं वाक्य गाळू नका, सगळा भार त्याच्यावर आहे. तोंडी ‘नाही’ म्हणणाऱ्याला तेच सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला सांगितलं की बहुतेकदा कायद्याचं पुस्तक उघडलं जातं. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. सोबत पाचवीचं प्रगतिपुस्तक जोडा, कारण आपल्या राज्यात सहावीपासून पुढच्या प्रवेशाला पाचवीची वार्षिक परीक्षा विचारात घेतली जाते.

गावच्या मुख्याध्यापकांची अडचणही समजून घ्या. मुलीचं नाव जुन्या शाळेच्या ऑनलाइन नोंदीत अडकलेलं असतं. ते मोकळं होईपर्यंत ती इकडच्या पटात धरली जात नाही, आणि शिक्षकांची पदं पटावर ठरतात. पण ही अडचण शाळा आणि शिक्षण विभाग यांच्यातली आहे. मुलीला वर्गात बसवून घ्यावं, ऑनलाइन मागणी पाठवावी आणि जुनी शाळा दाद देत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, हा मुख्याध्यापकांचा मार्ग.

थकलेल्या फीचं काय? ती देण्याघेण्याची बाब आहे. शाळेला ती तुमच्याकडून रीतसर वसूल करता येईल, मुलीचा दाखला अडवून नाही. दाखल्याची लेखी मागणी त्या शाळेला करा आणि प्रत मुंबई महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. एक सावधगिरी : ‘प्रवेश तात्पुरता आहे, दाखला न आल्यास रद्द समजावा’ असं हमीपत्र लिहून मागितलं तर देऊ नका. या कायद्यात तात्पुरता प्रवेश असा प्रकार नाही. मात्र हे सगळं आठवीपर्यंतच. नववीपासून हा कायदा लागू होत नाही, तेव्हा दाखल्याचा निकाल आठवी संपायच्या आत लावून घ्या.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या शाळेत सात मुलं. पट कमी म्हणून ती गावठाणातल्या शाळेत विलीन करणार असं ऐकतो. वाट दीड किलोमीटरची, मध्ये पऱ्या (ओढा). पावसात साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी जातं. आम्ही काय करू शकतो? (शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, लांजा तालुका)

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. कायद्याच्या कलम ८ आणि ९ नुसार अशी नजीकची शाळा उपलब्ध करून देणं ही सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे तुमच्याकडे जिल्हा परिषदेची, जबाबदारी आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत आणखी एक मुद्दा आहे, जो कोकणाइतका कुठेच लागू पडत नसेल : डोंगराळ भाग, दरडी, पूर, रस्ता नसणं किंवा लहान मुलांना वाटेत धोका असेल तिथे हे अंतर कमी धरून शाळा ठेवावी.

पण ‘आमची वाट अवघड आहे’ एवढं म्हणून काही हाती लागत नाही. पुरावा तुम्हालाच गोळा करायचा आहे, आणि त्याला पावसाळाच हवा.

अंतर गाडीरस्त्याने मोजू नका, कौलारू छपरावरून कावळा उडतो तसंही नाही. मुलं ज्या पायवाटेने जातात तीच वाट, वाडीतल्या शेवटच्या घराच्या पायरीपासून शाळेच्या पायरीपर्यंत मोजा. मोबाइलमध्ये चालण्याचं अंतर नोंदवता येतं. सोबत दुसरीतलं एखादं मूल घ्या, दप्तरासकट, आणि किती मिनिटं लागली ते लिहा. मोठ्या माणसाला वीस मिनिटं लागतात तिथे सात वर्षांच्या मुलाला पस्तीस लागतात, आणि चिखलात त्याहून जास्त. मग एक साधी वही करा. जून ते सप्टेंबर रोज तीन रकाने : तारीख, साकवावर पाणी होतं का (सकाळी आणि दुपारी वेगळं), कोण मूल त्यामुळे पलीकडे जाऊ शकलं नसतं. आठवड्यातून एकदा साकवाचा फोटो, तारखेसह. चार महिन्यांची अशी वही जिल्हा परिषदेच्या टेबलावर ठेवली की ती भाषणापेक्षा जड पडते.

वहीबरोबर समितीचा ठराव हवा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे तिचं कायदेशीर काम आहे. ठरावात तीन मागण्या लिहा : शाळा आहे तिथेच ठेवावी. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देणं बंधनकारक आहे, ते द्यावेत. आणि विलीनीकरण करायचंच असेल तर आधी वाहतुकीची व्यवस्था लेखी कळवावी. ग्रामसभेचाही ठराव घ्या. प्रती केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना, आवक क्रमांकासह. कलम ३२ नुसार तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो नाही दिला किंवा पटला नाही तर मुंबईतल्या महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

‘ही शाळा आमच्या आजोबांनी श्रमदानाने बांधली’ हा मुद्दा ठरावात पहिला घालू नका. खरा आहे, मनाला लागणाराही आहे, पण अधिकाऱ्याला त्याच्यावर टिपणी लिहिता येत नाही. अंतर, पाणी आणि मुलांची नावं यांच्यावर लिहिता येते.

जिथे असे प्रयत्न फसले तिथे बहुतेकदा एकच झालं : विलीनीकरणाची कुणकुण लागली आणि दोन-तीन पालकांनी घाईने दाखले काढून मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवली. पट सातावरून चारावर आला आणि ठरावाखालची जमीनच सरकली. आधी वाडीत बसून बोला. आणि एकशिक्षकी शाळेत पाच इयत्ता एकत्र शिकतात, हे मुलांच्या भल्याचं नाही हेही मान्य करा. म्हणूनच दुसऱ्या शिक्षकाची मागणी शाळा टिकवण्याच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे.

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेत नेपाळी राखणदार कुटुंबासह राहतो. त्याची मुलगी दहा वर्षांची, कधी शाळेत गेलेली नाही. जन्मदाखला नाही, आधार नाही. शाळेत विचारलं तर ‘आधी आधार काढा’ म्हणाले. ती आपल्या देशाची नाही, तर तिला हक्क आहे का? (बागायतदार, देवगड तालुका)

उत्तर : आहे. घटनेचं कलम २१-क सहा ते चौदा वर्षांच्या ‘सर्व बालकां’विषयी बोलतं आणि शिक्षण हक्क कायदा ‘प्रत्येक बालका’विषयी. दोन्हीकडे नागरिकत्वाची अट नाही. तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन विचारताय, हे फार चांगलं आहे. त्या आई-बापांना अर्ज कुठे द्यायचा हेही ठाऊक नसतं.

वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. जन्मदाखला नसेल तर रुग्णालयाची नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि तीही नसेल तर आई-वडिलांचं वयाविषयीचं घोषणापत्र चालतं. आधारचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मिटवला आहे : शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही. शाळा तरीही आग्रह धरते, कारण संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करताना, आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. मुख्याध्यापकांना हे कारण लेखी मागा, आणि प्रवेश आधी, आधार मागाहून, असं ठरवा.

इयत्तेच्या बाबतीत फसू नका. दहा वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नाही म्हणून पहिलीत बसवणं चूक आहे. कलम ४ नुसार तिला वयानुरूप वर्गात, म्हणजे साधारण पाचवीत, घ्यायचं आणि बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. हे प्रशिक्षण किमान तीन महिन्यांचं, गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तिचं शिक्षण मोफतच राहतं. पहिलीतल्या चिमुरड्यांत बसवलेली मोठी मुलगी लाजेने पंधरा दिवसांत शाळा सोडते, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल.

हंगाम संपल्यावर कुटुंब राज्यातच दुसरीकडे जाणार असेल तर निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. त्यावर तिची इयत्ता आणि प्रगती असते आणि पुढच्या शाळेत ते दाखवून थेट वर्गात बसता येतं. चिरेखाणीवर किंवा वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांनाही हेच लागू.

आणि एक गोष्ट बागेचे मालक म्हणून तुम्हाला. काढणीच्या दिवसांत ती आंबे वेचायला, पेट्यांत गवत भरायला आई-बापांबरोबर उभी राहते. ‘घरच्यांना मदत’ ही बालकामगार कायद्यातली सवलत तिला लागू नाही, कारण बाग तिच्या कुटुंबाची नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवलं तर मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : मुलगी चौथीत. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी सकाळी आठला जादा तास, संध्याकाळी पुन्हा. पीटीचा तास गणिताला देतात. मैदानात शिक्षकांच्या गाड्या आणि बांधकामाची वाळू. खेळणं हा खरंच हक्क आहे, की नुसतं म्हणायचं? (एक पालक, कुडाळ तालुका)

उत्तर : हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ ला मंजूर झाला आणि भारताने तो ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. त्याचं कलम ३१ विश्रांती, फुरसत, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेणं हा मुलाचा हक्क मानतं. नुसता हा करार दाखवून मुख्याध्यापकांकडून काही करून घेता येणार नाही, हे खरं. पण शिक्षण हक्क कायद्यात त्याचे हातात धरण्यासारखे तुकडे आहेत. अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान, खेळाचं साहित्य आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय सांगितलं आहे. कलम २९ सर्वांगीण विकास, कृतीतून शिकणं आणि मुलाला भय व ताण यांतून मोकळं ठेवणं सांगतं.

‘वेळच पुरत नाही’ हे कारण आकड्यांवर तपासा. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलंय. म्हणजे दिवसाला चार तास. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास. चौथीच्या मुलीचा दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा होत असेल तर तो कायद्याने मागितलेला नाही. शिवाय चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शालेय शिक्षण विभागाचं फेब्रुवारी २०२४ चं परिपत्रक आहे. आठचा जादा तास त्याच्याशी विसंगत आहे. जादा तासाचे पैसे त्याच शाळेचे शिक्षक घेत असतील तर कलम २८ मोडतं : शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही.

आता काय करायचं. कार्यालयाच्या भिंतीवर वेळापत्रक लावलेलं असतं. त्यात शारीरिक शिक्षण, कला आणि कार्यानुभव यांचे तास असतातच. त्याचा फोटो काढा. मग दोन आठवडे मुलीला रोज एकच विचारा, ‘आज खेळाच्या तासाला काय केलंत?’ आणि तिच्या शब्दांत लिहून ठेवा. अजून दोन पालकांनी आपापल्या घरी हेच करावं. पालकसभेत तक्रार करू नका, वेळापत्रक आणि वही शेजारी-शेजारी ठेवून विचारा : ‘या दहा दिवसांत खेळाचे किती तास झाले?’

घरच्या अभ्यासाचीही मर्यादा आहे. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास असं सुचवलंय. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे नको. पंचवीस किलोच्या मुलीचं दप्तर अडीच किलोचं. शाळेतून येताना किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. बहुतेक दप्तरांत पाण्याची बाटली, दोन गाईड आणि त्या दिवशी न लागणाऱ्या वह्या निघतात.

मैदानाचं क्षेत्रफळ कायद्यात दिलेलं नाही, त्यामुळे ‘लहान आहे’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आहे ते मोकळं ठेवणं यावर घाला. वाळू कुणाची, कधी उचलणार, गाड्या कुठे लावायच्या, हे समितीच्या बैठकीत तारखेसह लिहून घ्या. आपल्याकडे चार महिने मैदान म्हणजे चिखल. तेव्हा पडवीत आणि वर्गात खेळता येतील अशा साहित्याचा आग्रह धरा : कॅरम, बुद्धिबळ, दोरीच्या उड्या, रिंग. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी प्राथमिक शाळांना खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला पाच हजारांपर्यंत आणि उच्च प्राथमिकला दहा हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते कशावर खर्च झालं हे समितीला विचारता येतं, आणि कुणाही पालकाला दहा रुपयांच्या तिकिटावर माहितीच्या अधिकारात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. कोकण विभागीय मंडळ दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण पीटीचा तास गणिताला देणारे शिक्षक पुष्कळदा पालकांच्याच मागणीने तसं करतात. तुमच्या सभेत ‘खेळ नको, शिष्यवृत्ती हवी’ म्हणणारे पालक निघतील. त्यांच्याशी शाळेबाहेर आधी बोला, नाहीतर सभेत शिक्षक बाजूला राहतील आणि पालकच आपसांत भांडतील.

प्रश्न : शिमग्यात मुलगा पालखीबरोबर चार दिवस होता. नमन या लोकनाट्यातही काम करतो. शाळेने दिवसाला पन्नास रुपये दंड मागितलाय आणि पुन्हा गैरहजर राहिला तर नाव काढू म्हणाले. (एक पालक, गुहागर तालुका)

उत्तर : नाव काढता येत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ म्हणतं. गैरहजेरीचा दंडही बेकायदा आहे : सरकारी वा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलाकडून शिक्षणात आड येईल असा कोणताही आकार घेता येत नाही. दंड मागितला तर पावती मागा. आपल्या गावच्या रूढी-परंपरेत भाग घेणं बालहक्क कराराच्या कलम ३१ मध्येच बसतं, आणि त्याच कराराचं कलम २९ तर मुलाला स्वतःच्या संस्कृतीविषयी आदर वाटावा असं शिक्षण द्या म्हणतं.

तरीही चार दिवस न सांगता दांडी हे बरं नाही. शिमग्याच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. रजेचा अर्ज आधी द्या. त्याहून चांगलं म्हणजे जूनमध्येच समितीतून मागणी करा की मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या शिमग्याला लावाव्यात. गणपतीची सुट्टी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिवाळीतून वळती करतात, तसाच हा हिशेब. २०० आणि २२० दिवस भरले की कायद्याला हरकत नाही. आणि नमन रात्रभर चालतं, तेव्हा मुलाचा रंगमंचावरचा प्रवेश आधी घेऊन त्याला झोपायला पाठवा. विश्रांतीही कराराच्या कलम ३१ मध्येच आहे.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा. त्याच्या काकांचा ट्रॉलर आहे. सुट्टीत आणि शनिवार-रविवार बोटीवर नेतात. घरचाच धंदा, तर चालतं ना? (एक आई, दापोली तालुका)

उत्तर : ताई, किनाऱ्यावर चालतं, बोटीवर नाही. बालकामगार कायद्यात २०१६ ला झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना मदत करू शकतं, आणि ‘घरचे’ यात काका, आत्या, मामा, मावशी येतात. इथवर तुमचं म्हणणं बरोबर. पण ही सवलत धोक्याच्या कामांना नाही, आणि यांत्रिक मासेमारी मुलांना बंद केलेल्या कामांच्या यादीत आहे. विंच, ताणलेला दोर, ओला डेक, रात्रीची जाग : यादीत ती का आहे हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजवायला नको.

मदत म्हणजे काय तेही नियमांत आहे. शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि अभ्यासाला बाधा येईल असं नाही. त्यातून कमाई होता कामा नये. पहाटेच्या लिलावाला टोपल्या उचलायला नेणंही बसत नाही. जाळं विणायला शिकणं, दुपारी आजीजवळ बसून ते सांधणं, मासे ओळखणं, वाऱ्याची दिशा कळणं, हे त्याने खुशाल शिकावं. ते शिक्षणच आहे.

प्रश्न : मुलगा सातवीत, व्हीलचेअर वापरतो. शाळा चांगली आहे, पण क्रीडामहोत्सव आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ‘घरीच राहू दे’ म्हणतात. रॅम्प आहे पण त्यावरून खुर्ची चढत नाही. (एक वडील, कणकवली तालुका)

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळांना शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने देण्याचं बंधन घातलं आहे. ‘घरीच राहू दे’ हे प्रेमापोटी असलं तरी त्या कलमाच्या विरुद्ध आहे. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी लेखी विचारा की त्याच्यासाठी कोणता खेळ आणि कोणतं काम ठेवलं आहे. बोच्चा (लक्ष्याजवळ चेंडू टाकण्याचा खेळ), भालाफेक, थाळीफेक बसून खेळता येतात. नाटकात, वाद्यवृंदात, गुणलेखनात जागा निघते. त्याचं अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर कलम ३१ नुसार मोफत शिक्षण अठरा वर्षांपर्यंत आहे, आठवीला संपत नाही. त्यासाठी युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या.

रॅम्पचं गणित टेपने मोजा. उतार एकास बारा हवा. आपल्याकडे पावसामुळे जोतं उंच बांधतात. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्पची लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर पाहिजे. पुष्कळ शाळांत तो दीड-दोन मीटरांत उरकलेला असतो. त्यावर मागून दोघांनी ढकललं तरच खुर्ची चढते आणि उतरताना मूल पुढे कलंडतं. सरळ पाच-साडेपाच मीटर जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवता येतो. रुंदी किमान १२० सेंटिमीटर आणि कठडा दोन्ही बाजूंनी. जांभ्याचा किंवा घोटीव सिमेंटचा रॅम्प जुलैत शेवाळाने गुळगुळीत होतो, तेव्हा वरचा थर खरबरीत, आडव्या रेघा ओढलेला मागा, त्यावर पत्र्याची पडवी काढायला सांगा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला खराट्याने घासून घेण्याचं काम कुणाकडे आहे ते समितीच्या इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या.